पाश म्हणजे काय गं आई?

गेल्या दोन महिन्यांची पत्रं लावत बसले होते तर एकाच विषयाचा गठ्ठा जाड झालेला दिसला. घटस्फोट झालाय, कुणाचं तरी दुसरं लग्न झालंय किंवा व्हायचंय, आणि मधे एक पोर. बहुतेक पत्रं मोठ्यांची आहेत आणि त्यात 'मुलाला काही कळत नाही अजून' हे वाक्य इतक्या वेळा आलंय की शेवटी मी मोजायचं सोडून दिलं. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीयेत. ओळखू येतील असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : ताई, माझा घटस्फोट चार वर्षांपूर्वी झाला, म्युच्युअलनेच, फार आरडाओरडा नाही. मुलगी माझ्याकडे असते, आता बारा पूर्ण. आईबाबांच्या आग्रहाने मागच्या वर्षी एका वधूवर केंद्रात नाव घातलं. तिथल्या फॉर्मवर 'विनापाश / पाश असल्यास तपशील' असा रकाना होता, त्यात मी 'एक मुलगी' लिहिलं. मला तेव्हा काही वाटलं नाही, सगळे तसंच लिहितात. फॉर्मची झेरॉक्स टेबलावर राहिली आणि रात्री जेवताना हिने विचारलं, "पाश म्हणजे काय गं आई?" मी म्हटलं बंधन, जबाबदारी वगैरे. ती "बरं" म्हणाली आणि ताट उचलून गेली. तेव्हापासून ती इतकी शहाण्यासारखी वागतेय की मला भीती वाटायला लागलीये. स्वतःचा डबा स्वतः भरते. शाळेच्या सहलीची नोटीस मला दाखवलीच नाही, परस्पर बाईंना 'येणार नाही' सांगून आली. आता एक स्थळ खरंच जुळत आलंय, माणूस चांगला आहे, त्यांना मूल नाही. तिला कधी आणि कसं सांगू? सगळे म्हणतात किती समजूतदार पोरगी आहे. मी उगाच काळजी करतेय का?
— एक आई, चिंचवड

उत्तर : उगाच नाही करत आहात. बारा वर्षांच्या पोरीला सगळे नातेवाईक एका सुरात 'समजूतदार' म्हणायला लागले की माझे कान टवकारतात.

आधी त्या शब्दाचं बघू. आमच्या लहानपणी रविवारच्या पेपरात मागच्या पानावर असायचं, 'घटस्फोटित, विनापाश, गोरी, ५ फूट २ इंच', आणि मी पण शेकडो वेळा वाचलं असेल, कधी थांबले नाही. पाश म्हणजे फास, दोर. यमाच्या हातात असतो तो. (गणपतीच्या हातात पण असतो म्हणा, पण स्थळाचा फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात गणपती नसतो.) तुमच्या लेकीचं 'बंधन, जबाबदारी' एवढ्यावर समाधान झालं असेल असं मला वाटत नाही, तिने तो शब्द नंतर कुठेतरी शोधला असणार. आणि मग साधा हिशोब केला की मी आईच्या गळ्यातला फास आहे, तर निदान हलका तरी होऊ. सहलीचे पैसे वाचवू, डब्याचा त्रास वाचवू. एक माणूस घरातून कायमचा जाऊ शकतो हे तिने आठव्या वर्षी बघितलंय ना. ज्या पोरांनी ते बघितलेलं नसतं ती बिनधास्त हट्ट करतात, दार आपटतात, कारण आईबाप म्हणजे भिंतीसारखे, ते कुठे जाणारेत? तुमच्या लेकीला माहितीये की माणसं जातात. म्हणून ती जपून वागतेय.

तर स्थळाचं सांगायच्या आधी हे निस्तरा. तिला बाजूला घेऊन, स्वयंपाक करता करता चालेल, समोरासमोर बसवून भाषण नको, सांगा की तो शब्द वाईट आहे, मी तिथे तुझं नाव लिहायला नको होतं, चुकलं माझं. बस. पुढे तुझ्यावर किती प्रेम आहे वगैरे लांबण लावलीत तर ती तुम्हालाच समजवायला लागेल. आणि वर्गशिक्षिकेला फोन करून सहलीचं अजून काही होतंय का बघा. सहल निघून गेली असेल तर पुढच्या वेळी तिने 'नको' म्हटलं तरी विचारा, पैशामुळे नको की जायचं नाही म्हणून नको, दोन्ही वेगळं आहे. ती पहिल्यांदा तुमच्यावर चिडेल, भाजी आवडली नाही म्हणून तोंड वाकडं करेल, त्या दिवशी खुशाल पेढे वाटा.

आता स्थळाचं. प्रत्येक चहा-पोह्याचं मुलांना सांगायची गरज नसते, पण गोष्ट ठरतीये असं वाटलं की तिला मावशीच्या तोंडून कळायच्या आत तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. तिच्या वडिलांनाही तुम्ही स्वतः कळवा, नाहीतर पुढच्या भेटीत ते ओझं ती घेऊन जाईल, सांगू की नको सांगू, सांगितलं तर आई रागावेल का.

एक प्रश्न मात्र तिला विचारू नका, 'तुला चालेल ना?' ऐकायला फार लोकशाही वाटतं, पण विचार करा, ती हो म्हणाली आणि उद्या काही बिनसलं तर तिच्या हो मुळे, नाही म्हणाली तर आईचं आयुष्य तिच्यामुळे अडलं. लग्न करायचं की नाही हा निर्णय तुमचा, तो तुमच्या खांद्यावर ठेवा. तिला विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांना काय हाक मारायची, खोली कुठली, शाळा तीच ठेवायची का, बाबांकडे जायचे वार तेच राहतील ना. तिथे तिचं ऐका आणि खरंच ऐका. आणि 'तुला बाबा हवा म्हणून करतेय' असं तर चुकूनसुद्धा म्हणू नका, तिला बाबा आहेत, आणि हे लग्न तिच्यासाठी केलं म्हटलं की झाली ती परत पाश.

बारा वर्षं हे वय तसं अवघडच. अमेरिकेत व्हर्जिनियात मावीस हेदरिंग्टन नावाच्या बाईंनी घटस्फोटित घरांतली मुलं वर्षानुवर्षं, अगदी मोठी होऊन त्यांची लग्नं होईपर्यंत, अभ्यासली. नव्या सावत्र नात्याशी जुळवून घेणं वयात येणाऱ्या पोरांना सगळ्यात जड जातं असं त्यांना दिसलं होतं. त्यामुळे नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून प्रगतिपुस्तक तपासायला घेऊ नये, फोन किती वेळ बघते यावर बोलू नये. शिस्त तुम्ही लावा, त्यांनी मागे उभं राहावं. वर्ष-दोन वर्षं ते घरातले एक बरे काका राहिले तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : मी आजी आहे. माझी मुलगी नातवाला घेऊन दोन वर्षांपूर्वी माहेरी आली, कोर्टात केस चालू आहे. नातू सहा वर्षांचा. तो सारखा विचारायचा म्हणून आम्ही सांगितलं होतं की बाबा दुबईला कामाला गेलेत. त्याला ते इतकं पटलं होतं की आकाशात विमान दिसलं की टाटा करायचा. मागच्या महिन्यात एका बारशाला कुणीतरी त्याच्यासमोरच बोललं की याचा बाप तर साताऱ्यात असतो, मोटरसायकलवर फिरताना दिसतो. नातू काहीच बोलला नाही. पण आता विमान आलं तरी वर बघत नाही. आम्ही पण विषय काढला नाही, उगाच खपली कशाला काढा. आता कोर्टात त्याला विचारतील का आणि त्याला काय बोलायचं ते आधी शिकवून ठेवावं का?
— कराड

उत्तर : आजी, विमानाकडे बघत नाही हे तुम्ही टिपलंत म्हणजे तुमची नजर चांगली आहे. खपली नाहीये ती, जखम अजून उघडी आहे, नुसता वर रुमाल टाकलाय सगळ्यांनी.

सहा वर्षांच्या पोराचं डोकं कसं चालतं बघा. जगात जे काही होतं ते आपल्यामुळे होतं असं त्या वयात वाटत असतं. मी दूध सांडलं, मी हट्ट केला, मी झोपलो नाही, म्हणून बाबा गेले. त्यात आता भर पडली की बाबा लांब नाहीतच, साताऱ्यात आहेत, एसटीने तासाच्या आसपास पोचता येतं, तरी येत नाहीत. दुबईला असलेला बाप येऊ शकत नाही, साताऱ्यातला बाप येत नाही. तुम्ही त्याचं मन राखायला दुबई सांगितलीत, तिच्यात त्याचा मोठेपणा होता, मित्रांना सांगत असेल. ती गेली आणि तिच्या जागी कुणी काहीच ठेवलं नाही, म्हणून तो स्वतःच काहीतरी ठेवणार, आणि पोरं अशा वेळी जे ठेवतात ते बहुतेक 'मीच नकोसा आहे' हे असतं.

सांगायला त्याच्या आईने बसावं, तुम्ही शेजारी असा. वाक्यं छोटी. "बाबा दुबईत नाहीत, साताऱ्यात असतात. आम्ही तुला खोटं सांगितलं, चुकलं आमचं. आईचं आणि बाबांचं पटत नव्हतं म्हणून आम्ही वेगळे राहतो. ते मोठ्यांचं भांडण आहे, तुझ्यामुळे झालेलं नाही." तो एका दमात ऐकेल आणि म्हणेल मी खेळायला जाऊ? जाऊ द्या. मग चार दिवसांनी अंघोळीच्या वेळी अचानक विचारेल, तेव्हा तेच परत सांगा, त्याच शब्दांत. पोरं प्रश्न फिरून फिरून विचारतात कारण उत्तर बदलतंय का ते बघायचं असतं त्यांना. 'मग बाबा येतील का' ला आत्ता खरं उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, पण 'येतील हं' म्हणून परत एक विमान उडवू नका.

आणि बाप कसाही असो, त्याच्यासमोर 'गेला मेला तो' नको. हे मी जावयाची बाजू घेऊन म्हणत नाहीये. नातवाचं नाक बापासारखं असेल, हसणं असेल, तुम्हीच बाळंतपणात म्हणाला असाल ना अगदी बापावर गेलाय म्हणून. मग बाप नालायक म्हटलं की त्यातला अर्धा नालायकपणा कुणाच्या वाट्याला जातो ते त्याला बरोबर कळतं, वजाबाकी येत नसली तरी.

कोर्टाचं म्हणाल तर मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित सगळ्यात वर, हे कायद्यातच लिहिलंय (१९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा), आणि पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडे हेही त्यातच आहे. नातू आता सहाचा, म्हणजे ते कलम त्याला सरळ लागू नाही, पण म्हणून घाबरून जाऊ नका, एका वर्षाने हित काही उलटं होत नाही. समज आलेल्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेऊ शकतं, त्याला अमुकच वय असं ठरलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या एका वाक्यावर निकाल लागत नसतो. शिकवून तर अजिबात ठेवू नका. पढवलेलं पोर दोन मिनिटांत ओळखू येतं. 'बाबा आईचा मानसिक छळ करायचे' असं वाक्य कुठलं सहा वर्षांचं मूल आपणहून बोलतं हो? जज्ज आणि समुपदेशक यांनी अशी वाक्यं रोज ऐकलेली असतात. त्याला एवढंच सांगून न्या की तिथले काका-काकू तुझ्याशी बोलतील, तुला जे वाटतं ते सांग, मी बाहेरच आहे, आणि येताना आपण भेळ खाऊ.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, आईकडे असतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला भेट आहे, आजपर्यंत एकही चुकवलेली नाही. मागच्या वर्षी तिने दुसरं लग्न केलं. आता मुलगा त्या माणसाला बाबा म्हणतो. माझ्यासमोर त्याचा फोन आला आणि हा 'हो बाबा' म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाला. मला त्या दिवशी गाडी चालवता येईना. आता ती म्हणते शाळेत त्यांचं आडनाव लावू. मी काय करू? मी तर त्याला स्पष्ट सांगणार आहे की बाबा एकच असतो.
— एक वडील, नागपूर

उत्तर : नका सांगू. तुमची तडफड कळते मला, पण ते वाक्य गिळून टाका.

तो तुमच्याकडे बघून गप्प झाला ना, त्या दोन सेकंदांत त्याने काय काय केलं असेल बघा. तुमचा चेहरा वाचला, स्वतःला गुन्हेगार ठरवलं, आणि पुढच्या वेळी फोन आला तर उचलायचाच नाही असं ठरवलं. माझ्याकडे एक मुलगा यायचा नऊ वर्षांचा. शनिवारी वडिलांकडे मिसळ चापून घरी यायचा, आई विचारायची काय खाल्लंस, हा म्हणायचा काही नाही, आणि परत पूर्ण जेवायचा. पोट दुखतं म्हणून त्याला डॉक्टरकडे नेत होते. मी विचारलं का रे असं, तर म्हणाला, 'आईला वाटेल मला तिकडे आवडतं.' दोन घरांचं मन राखायला पोरगं दोनदा जेवत होतं.

बाबा हा शब्द त्याने दुसऱ्याला दिला म्हणजे तुमच्याकडचा काढून घेतला असं होत नाही. कदाचित त्याला तिकडच्या घरात, सोसायटीत, वर्गात, सारखं सारखं 'हे माझे काका, म्हणजे आईचे, म्हणजे...' असं सांगायचा कंटाळा आला असेल. आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यांसारखं असायचं असतं. तुम्ही त्याला हसत म्हणा, 'त्यांचा फोन होता का? बोल की.' बघा त्याचे खांदे कसे खाली येतात ते.

आता आडनाव. हे वेगळं, इथे तुम्ही गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, आंध्रमधली केस, त्यात पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा हक्क आहे असं म्हटलंय. खालच्या हायकोर्टाने सांगितलं होतं की कागदपत्रांत नव्या नवऱ्याचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करा, त्याला सुप्रीम कोर्टाने जवळजवळ क्रूर म्हटलं, का तर मुलाच्या मनावर आणि स्वतःबद्दलच्या मतावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचारच केला नाही म्हणून. तुमच्या बायकोचा, सॉरी, मुलाच्या आईचा वकील हा निकाल दाखवेल. पण त्या केसमध्ये मुलाचे वडील वारलेले होते. तुम्ही हयात आहात, भेटता, त्यामुळे तो जसाच्या तसा तुम्हाला लागू होईलच असं नाही, तुमच्या वकिलाला हा फरक विचारा. आईच्या नव्या नवऱ्याला मूल रीतसर दत्तक घ्यायचं झालं तर तुमची संमती लागते, आणि दत्तक झालं की कायद्याने मुलगा तुमच्या घरचा राहत नाही. ते होत नाही तोवर आईने कितीही लग्नं केली तरी तो तुमचा पहिल्या वर्गातला, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेला, वारस आहे, आणि सावत्र वडिलांच्या इस्टेटीत मृत्युपत्राशिवाय त्याला काही मिळत नाही. सहीच्या आधी हे दोघांनी बसून नीट समजून घ्या.

पण कोर्टात जायच्या आधी एक करा. मुलाच्या आईला विचारा की आडनाव बदलायचं कुणाच्या डोक्यातून आलं. मुलाच्या असेल तर शाळेत कुणी काय चिडवलं ते शोधा. मोठ्यांच्या असेल तर थांबवा. आडनाव हा घरच्या दारावरचा बोर्ड आहे, बोर्ड बदलला की पोरगं बदललं असं नसतं. आणि तुमचे ते दुसरे-चौथे शनिवार चालू ठेवा, आजारी असलात तरी जा, नुसतं त्याच्यासोबत बसून चिप्स खाल्लेत तरी चालेल.

प्रश्न : मी दुसरेपणाची. ह्यांचा पहिला डिव्होर्स, मुलगा चौदा वर्षांचा आमच्याकडेच असतो. मी सगळं करते, डबा, क्लासची फी, आजारपण. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. परवा सासूबाईंनी त्याला म्हटलं 'आई म्हण की रे हिला', तो उठून गेला. नंतर मला म्हणाला, तुम्ही कितीही केलंत तरी सावत्र ते सावत्रच. हे समोर बसले होते, पेपर वाचत होते.
— सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

ध्रुवाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये. पाच वर्षांचं पोर बापाच्या मांडीवर बसायला गेलं, सावत्र आई सुरुचीने हिसकावून खाली ओढलं, मग ते रानात गेलं, तप केलं, अढळपद मिळालं, आजपर्यंत उत्तरेला चमकतंय. या गोष्टीत शिव्या सगळ्या सुरुचीला. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा की मांडी कुणाची होती? उत्तानपाद राजा बसलेला होता की तिथेच. तो एक शब्द बोलला असता, 'बस रे बाळा', तर पोराला रानात जायची वेळ आली नसती, तारा झाला नसता ही गोष्ट वेगळी.

तुमच्या घरचा राजा पेपर वाचतोय. मुलाचा राग तुमच्यावर निघतो कारण तुम्ही नव्या आहात आणि तुमच्यावर रागावणं परवडतं. बापावर रागावला आणि बापही गेला तर? त्यामुळे आधी नवऱ्याशी बोला, मुलासमोर नाही, रात्री. त्याने मुलाला एकट्याला घेऊन जायचं, आठवड्यातून एकदा, तुमच्याशिवाय, क्रिकेट बघायला म्हणा किंवा हरिपूरला संगमावर, कुठेही. आणि त्याने सांगायचं की हिला आई म्हणायची गरज नाही, तुझी आई तुझी आईच आहे, पण या घरात हिच्याशी नीट बोलायचं. हे वाक्य बापाच्या तोंडून आलं तरच चालतं.

तुम्ही त्याच्या आईबद्दल एक साधं चांगलं वाक्य बोलून बघा, खोटं नको, असेल ते. 'तुझं अक्षर आईसारखं आहे का रे?' एवढंही पुरतं. आणि सासूबाईंना म्हणावं, हाक मारायचं राहू दे आता.

प्रश्न : मी २६ वर्षांची. मी आठ वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले, दहाव्या वर्षी आईचं दुसरं लग्न झालं. मी त्यांना काका म्हणते पण माझ्या बारावीच्या वेळी रात्री जागून चहा करून द्यायचे ते काका. बाबा वाढदिवसाला फोन करायचे, कधी नाही करायचे. आता माझं लग्न ठरलंय. बाबा म्हणतात कन्यादान माझा हक्क आहे, नाहीतर लग्नाला येणार नाही. काका म्हणतात मी मागे उभा राहीन, मला काही नको. आई रडते. पत्रिकेत कुणाचं नाव घालायचं तेही कळत नाहीये. आणि खरं सांगू का, मला रात्री झोप येत नाही ते वेगळ्याच भीतीने, माझ्या रक्तातच असेल तर, माझं पण मोडेल का?
— ठाणे

उत्तर : आधी भीतीचं बघू, कारण पत्रिका काय, छापून होते.

रक्तात काही नसतं गं. पण तू शिकलेली आहेस तर गोड गोड बोलून तुला फसवणार नाही. आईबाबांचा घटस्फोट बघितलेल्या मुलांची लग्नं मोडायचं प्रमाण जरा जास्त असतं, हे अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दिसलंय. त्याच वेळी वर मी हेदरिंग्टन बाईंचा उल्लेख केलाय, त्यांना असं दिसलं की घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना मोठेपणी गंभीर अडचणी राहिल्या, न मोडलेल्या घरांत हा आकडा १० टक्के होता. म्हणजे धोका वाढतो हे खरं, आणि चारातली तीन मुलं नीट मार्गी लागतात हेही खरं. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, सोसायटीतल्या काकवा असं सगळं लटांबर असतं, त्याचा फायदाही होतो आणि तापही. आणखी एक, १९९१ मध्ये पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी अशा ९२ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, त्यात रोजच्या भांडणांच्या पण 'टिकलेल्या' घरातल्या मुलांची अवस्था वेगळं झालेल्या घरांतल्या मुलांपेक्षा वाईट दिसली. त्यामुळे तुझी आई त्या घरात राहिली असती तर तू आज सुखाने झोपली असतीस असं समजू नकोस. तू भांडण बघितलंयस, मान्य, पण बारावीच्या रात्री चहा करणारा माणूस पण तूच बघितलायस, त्याचा नवरेपणा तू सोळा वर्षं जवळून पाहिलायस. होणाऱ्या नवऱ्याला ही भीती सांगितलीस का? मला लिहिलीस तशीच त्याला सांग, लग्नाच्या आधी.

आता कन्यादान. बाबांचा हक्क वगैरे काही नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, कन्यादानाचं नावही नाही त्यात. आणि शास्त्रच काढायचं असेल तर याज्ञवल्क्य स्मृतीत कन्या कोणी द्यावी याची यादी आहे, वडील, आजोबा, भाऊ, नातलग, आणि आई सुद्धा. जननी असा चक्क शब्द आहे. भटजींना सांग, कुरकुरले तर हे दाखव. ज्या बाईने तुला वाढवलं तिने पाणी सोडावं, मला विचारशील तर हेच. काका तिच्या शेजारी बसतील, मागे उभे नाही राहायचे. किंवा हा विधीच गाळा, पुष्कळ जण गाळतात, दान करायला तू काही गाय नाहीस. पण ते तुझं तू ठरव, माझ्या मतावर जाऊ नकोस.

बाबांना मात्र बोलाव. धमकीला घाबरून नको, तुला ते हवे असतील तर. तुला ते हवे आहेत असं मला पत्रावरून वाटतंय, नाहीतर 'वाढदिवसाला फोन करायचे, कधी नाही करायचे' यातला दुसरा भाग तू लिहिला नसतास, जिचा जीव सुटलेला असतो ती फोनचा हिशोब ठेवत नाही. त्यांना एक नेमकी जागा दे, सीमांतपूजनाला या, किंवा अक्षता टाकताना पहिल्या रांगेत बसा. हक्क म्हणाले तर सांग, हक्क नाही बाबा, मी बोलावतेय. नाही आले तर रडशील, ते रडणं लग्नाच्या फोटोत आलं तरी हरकत नाही. तुझ्या आईला सांग की बाबांना बोलावणं म्हणजे काकांना कमी लेखणं नव्हे. काकांना ते कळलेलं दिसतंय, 'मला काही नको' म्हणणाऱ्या माणसाला मात्र काहीतरी नक्की द्यावं.

पत्रिकेत आईचं नाव पहिलं घाल. हल्ली सरकार पण शहाणं झालंय, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्याकडे सरकारी कागदावर आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. 'आमची कन्या' च्या खाली आई आणि काका, दोघांची नावं. बाबांचं नाव तुझ्या नावातच आहे, आयुष्यभर होतं, ते तिथून कोण काढतंय? निमंत्रक म्हणून आणखी एक ओळ त्यांच्यासाठी घातलीस तरी पत्रिका काही फाटत नाही, दोन नाती जास्त दिसतील एवढंच. प्रेसला द्यायच्या आधी मजकूर मला पाठव, शुद्धलेखन बघून देते, तिकडे 'शुभाशीर्वाद' हमखास चुकवतात.